मनुबाईच्या नातीची दुधाची दाढ

उंब्रजात कुणाची दाढ ठणकायला लागली की माणूस वैद्याकडं जात नसे आणि मारुतीला नारळही बोलत नसे. तो गालाला फडकं बांधून सरळ जाधवांच्या मनुबाईच्या परड्यात येऊन बसे. आता हे आजच्या शहाण्यांना सांगितलं की ते हसतात. हसू देत बापडे. ज्याची दाढ खरोखर ठणकलीय त्यानं हसावं, बाकीच्यांनी आधी ठणकू द्यावी आणि मग बोलावं.

मनुबाई दातातले किडे काढायची. तिची रीत अशी होती. परातीत पाणी घ्यायचं, पाण्यात मधोमध एक दगड मांडायचा आणि त्या दगडावर चुलीत लाल केलेला नांगराच्या फाळाचा तुकडा ठेवायचा. फाळावर तेलात भिजवलेलं काटेरी रिंगणीच्या झुडपाचं बी टाकायचं आणि वर बुडाला भोक पाडलेलं गाडगं पालथं घालायचं. भोकात पपईच्या पानाचा पोकळ देठ खोवायचा. त्या देठातून येणारा धूर दुखऱ्या माणसानं तोंडात धरायचा, नाकाडोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग मनुबाई गाडगं उचलायची. पाण्यावर बारीक, पांढरे, वळलेले किडे तरंगत असायचे. धुरानं गुदमरून दातातून निघाले, नळीतून उतरले आणि पाण्यात पडले, असा सगळा हिशेब. एवढं सगळं आपल्या तोंडात नांदत होतं हे बघून माणूस हबकायचा आणि ठणकाही कमी झाल्यासारखा वाटायचा. कराड-पाटणापासून माणसं यायची. मनुबाई पैसा घेत नसे. विद्येचा पैसा घेतला की गुण जातो, असं सासू सांगून गेलेली. नारळ नाहीतर पसाभर जोंधळे मिळाले की तिचं भागत असे.

विद्या सासूचीच. पण मनुबाईनं ती हौसेनं घेतलेली नव्हती. तिचा धाकटा मुलगा सयाजी पाच वर्षांचा असताना दाढ दुखून त्याचा गाल सुजला, सूज डोळ्याखाली चढली आणि पाचव्या दिवशी पोर गेलं. सासूनं धुरी दिली होती. पण द्यायला उशीर झाला, असं घरात ठरलं. कुणीतरी काहीतरी ठरवावंच लागतं, नाहीतर घरात राहायचं कसं? मनुबाईनं तेव्हा मनाशी गाठ मारली की ही विद्या शिकायची आणि गावात कुणाच्याच पोराला उशीर होऊ द्यायचा नाही. त्या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली होती.

पंचेचाळीस सालचा पौष महिना होता. गुऱ्हाळ जोरात चालू होतं. मनुबाईचा थोरला, हंबीरराव, पलटणीतला गडी. इटलीच्या लढाईत पायाला गोळी चाटून गेली म्हणून दोन महिन्यांच्या सुट्टीवर घरी आलेला. त्याची मुलगी अंजना साडेपाच वर्षांची. गुऱ्हाळ सुरू झालं की ही पोरगी घरचं खात नसे, काकवीच्या काहिलीभोवतीच घुटमळायची. एका सकाळी ती गाल धरून उठली. वरची, उजवीकडची दुधाची दाढ.

मनुबाईनं उशीर केला नाही. न्याहारीच्या आत धुरी दिली. परातीत अकरा किडे निघाले. पोरगी दुपारी जरा खेळली, आणि मनुबाईनं सुनेला निश्चिंत राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गाल सुजला. पुन्हा धुरी, पुन्हा किडे. चौथ्या दिवशी सकाळी सूज डोळ्याखाली आली आणि डोळा बारीक दिसायला लागला.

हे तोंड मनुबाईनं आधी बघितलेलं होतं. हाच गाल, हाच डोळा, अंगाला हीच कढत वाफ. ह्या खेपेला तर उशीरही झाला नव्हता.

"आये, मिरजंला न्हेतो हिला," हंबीरराव म्हणाला. "दातांचा डॉक्टर हाय तितं. पलटणीत माजी दाढ असल्याच डॉक्टरनं नीट केली."

"म्या काय मेले काय?" मनुबाई म्हणाली खरी, पण आवाजात जोर नव्हता.

"तू न्हाई मेलीस. पर सया मेला."

घरात हे नाव कुणी घेत नसे. सून चुलीपुढं होती ती तशीच थांबली. मनुबाईनं नातीच्या कपाळावर हात ठेवला, काढला, आणि म्हणाली, "छकडा जुप." आपल्या दिव्याखाली किती अंधार आहे ते गावाला दिसणार हे तिला कळत होतं. वाटेत गावातल्याच रंगुबाईनं हटकलंच, "का गं मनुबाई, लोकांचं किडं काडतीस नि घरचं पोर परक्याच्या दारात?" मनुबाईनं मान खाली घातली. कृष्णा ओलांडून मसूरचं स्टेशन गाठेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

मिरजेला दातांचे हरी डॉक्टर होते. त्यांचा दवाखाना एका सतारवाल्याच्या कारखान्यावरच्या माडीवर. खाली अंगणात सतारीचे भोपळे वाळत पडलेले, आणि जिन्यात ह्या पाहुण्यांना कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडलेली ऐकू आली. डॉक्टर तिशीतले, किरकोळ अंगाचे, जाड चष्म्याचे. मुंबईला दातांची परीक्षा देऊन दोन वर्षांपूर्वी परत आलेले. मनुबाईला वाटलं होतं कुणीतरी धिप्पाड, मिशीवाला, चिमटा घेऊन बसलेला असेल. हा तर कुणाच्या तरी वाड्यात पूजा सांगणारा वाटत होता.

डॉक्टरांनी अंजनाचा गाल बघितला, तोंडात छोटा आरसा घालून दाढ बघितली. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "किती दिवस झाले?"

"चार," मनुबाई म्हणाली. "लवंग ठिवली हुती." धुरीचं ती बोलली नाही.

पण हंबीरराव पलटणीतला, खरं सांगायची सवय लागलेला. "आमची आयच किडं काढती दातातलं. गावात तिचाच गुण हाय." मनुबाईनं लेकाकडं असं बघितलं की दुसरा कुणी असता तर जळून गेला असता.

डॉक्टर त्यांच्या यंत्राकडं वळले. एक पाय जमिनीवर, दुसऱ्यानं पायटा मारायचा, धारवाला सुरीला धार लावतो तसा, आणि हातातली बारीक सुई गरगरायची. त्या सुईनं त्यांनी दाढेला भोक पाडायला सुरुवात केली. मनुबाईचा जीव टांगणीला. दात म्हणजे गारगोटी, त्याला भोक पाडून काय साधणार? आणि एकदम सुई आत गेली, जशी मडक्यात जावी. दाढ आतून पोकळ होती. त्या भोकातून पिवळा पू बाहेर आला, असली घाण की जिन्यातल्या माणसानं नाक धरावं. डॉक्टरांनी कापसानं टिपला, पुन्हा आला, पुन्हा टिपला. अंजना किंचाळायची थांबली. मग हुंदके थांबले. थोड्या वेळानं पोरगी आजीच्या खांद्यावर मान टाकून झोपली, चार दिवसांत पहिल्यांदा.

मनुबाई हललीसुद्धा नाही. सयाच्या गालात हेच साठलं होतं, आणि त्याला बाहेर पडायला एवढंसं दार हवं होतं. तिच्या मनात हे आलं आणि तिथंच बसून राहिलं.

"जगती न्हवं?" तिनं विचारलं.

"जगेल. ह्या गोळ्या द्या आणि आठ दिवसांनी घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "सूज उतरली की मग ठरवू, दाढ काढायची की ठेवायची."

आठ दिवसांनी अंजनाचा गाल निम्मा नाही, पूर्ण उतरला होता. पोरगी आगगाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढण्यावरून बापाचे धपाटे खात मिरजेला आली. हंबीररावाचं ठरलेलं होतं. "काढून टाका डॉक्टरसाब. दुदाची तर हाय. आज ना उद्या पडायचीच."

"पडेल, पण अजून पाच वर्षांनी," डॉक्टर म्हणाले. "आत्ता काढली तर बाजूचे दात त्या जागेवर सरकतील. मागून येणारा पक्का दात मग वाकडा येईल, नाहीतर अडून बसेल. मुळं साफ करून भरली तर दाढ राहू शकते. मात्र आजची एक खेप झाली की अजून एक खेप करावी लागेल."

आता मात्र मनुबाईला राहवेना. इतका वेळ ती ह्या माणसाच्या धाकात होती. पण हे तिचं राज्य होतं. "आवं डॉक्टर, दुदाच्या दाताला मूळ कुटलं? म्या शेकड्यानं दात बगितल्यात. पडल्याला दात हातात घिऊन बगा, खाली सपाट असतोय. मूळ फकस्त पक्क्या दाताला."

हंबीरराव ओशाळून खोकला. पण डॉक्टर हसले नाहीत. ते उठले, कपाटातून कापडात गुंडाळलेलं काहीतरी आणलं आणि मनुबाईच्या पुढ्यात उलगडलं.

लहान मुलाचा वरचा जबडा होता तो. खरा, हाडाचा, पिवळट पडलेला. त्याची एक बाजू कुणीतरी घासून उघडी केली होती, म्हणजे दिवळीचं दार काढावं तशी, आणि आतलं सगळं दिसत होतं. दुधाच्या दाढा ओळीनं बसलेल्या. आणि त्यांना मुळं होती. एकेकीला तीन तीन पाय, तिवईचे फाकावेत तसे फाकलेले. आणि त्या पायांच्या मधल्या जागेत, हाडाच्या आत, जिथं कधी उजेड गेला नाही तिथं, एकेक नवा दात बसलेला. पुरा नाही, नुसती टोपी. पण मोठ्या माणसाचा. वाट बघत बसलेला.

मनुबाई त्या जबड्याकडं बघत राहिली. तिनं तीस वर्षं माणसांची तोंडं उघडून बघितली होती. लहानांची, थोरांची, मरायला टेकलेल्यांची. आणि एका हाडाच्या पाठीमागं हे एवढं सगळं मांडून ठेवलेलं होतं आणि तिला त्याची गंधवार्ता नव्हती. प्रत्येक लेकराच्या तोंडात दातांच्या दोन दोन ओळी. एक हसायला, एक पुढल्यासाठी राखून ठेवलेली. हे कुणी ठेवलं असेल? देवळात तिला इतकं कधी वाटलं नव्हतं.

"मग पडल्याल्या दाताचं मूळ कुटं जातं?"

"विरघळतं, आजी. हाडातला दात पुढं सरकायला लागला की दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळत जातं. अगदी संपलं की दात सैल होतो. म्हणून तुम्हाला खाली सपाट दिसतो."

"आपल्या आपण?"

"आपल्या आपण."

मनुबाईनं जबड्याला बोट लावलं आणि ते बोट कपाळाला लावलं. "आनि ह्यो? ह्यो कुनाचा?"

"ते ठाऊक नाही. कॉलेजातून मिळाला." डॉक्टरांनी तो हळूच कापडात गुंडाळला.

"ठिवा," मनुबाई म्हणाली.

"हो, ठेवतोच कपाटात."

"ते न्हवं. माज्या नातीची दाढ. ती ठिवा."

हंबीरराव म्हणाला, "आये, गुऱ्हाळ टाकून आनि एक खेप? पडनाऱ्या दातापायी?"

"तुज्या पायाला गोळी लागली तवा सरकारनं पाय कापून टाकला का ठिवला?" मनुबाईनं विचारलं.

डॉक्टरांनी हिरडीत बधिर करायची सुई दिली, आणि तिथंच गाडं अडलं. अंजनानं जे तोंड मिटलं ते उघडेचना. डॉक्टरांनी गोंजारलं, बापानं दटावलं, पोरगीनं दातखीळ बसवून घेतली. मग मनुबाई उठली. नातीला मांडीत घेतली, एका हातानं हनुवटीखाली कुरवाळलं, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा गालाच्या आतून पार शेवटच्या दाढेच्या मागं सरकवला. तोंड आपोआप उघडलं. तीस वर्षांची सवय होती ती.

"आजी, तो हात तसाच ठेवाल? हलवू नका."

"तुमी तुमचं काम करा."

डॉक्टरांनी एक तार काढली. खाली सतारवाल्याकडं सुद्धा एवढी बारीक तार नसेल. तिला बारीक बारीक काटे होते. ती दाढेच्या भोकातून आत गेली, आणि जात राहिली. हंबीरराव हा इटलीत तोफांपुढं उभा राहिलेला गडी. ती तार आपल्या लेकीच्या दातात दिसेनाशी होताना बघून तो भिंतीला पाठ घासत खाली बसला आणि पांढराफटक पडला. त्याच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. पहिल्या मुळातून काळपट घाण निघाली. दुसऱ्यातूनही तीच. तिसऱ्या, टाळूकडच्या मुळात डॉक्टरांनी तार घातली, हलकीच पिळली आणि ओढली. तारेच्या टोकाला एक धागा आला. तांबूस, ओला, केसापेक्षा थोडा जाड.

"ह्योच," मनुबाई म्हणाली. तिचा आवाज चढला, पण हात जागचा हलला नाही. "ह्योच तो किडा. म्या म्हनत हुते न्हवं? माजं किडं लहान, ह्यो मोटा. ह्यो धुरीला आला न्हाई."

डॉक्टरांनी तो धागा पाण्याच्या पेल्यात सोडला. तो वळवळला नाही. पाण्यात नुसता पसरला.

"हा किडा नाही, आजी. ही नस आहे. हिच्यातून तुमच्या नातीचं रक्त फिरत होतं. दुखतं ते हिला. बाकीच्या दोन मेल्या, ही अजून जिवंत होती." आणि मग जरा थांबून, तोंडातून शब्द जपून काढत ते म्हणाले, "माझ्या आजोळीही अशीच धुरी देत. तुम्ही किडे काढता ते पाण्यात पडतात ना?"

"पडत्यात म्हंजी? वंजळभर दावीन."

"एकदा असं करून बघा. सगळं तसंच मांडा. बी, फाळ, गाडगं, नळी. फक्त नळीला कुणाचं तोंड लावू नका."

मनुबाईला राग आला. पण ह्या माणसानं आपल्या नातीला झोप दिली होती, म्हणून तिनं तो गिळला.

घरी आल्यावर दोन दिवस तिनं ते टाळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळी गुऱ्हाळावर गेली होती. तिनं परड्यात परात मांडली. पाणी घातलं, दगड ठेवला, फाळ लाल करून आणला, बी टाकलं आणि गाडगं पालथं घातलं. नळीतून धूर वर निघाला आणि लिंबाच्या झाडाकडं गेला. तिथं कुणाचं तोंड नव्हतं, दात नव्हता. मनुबाई समोर बसून राहिली. बी तडतडायचं थांबलं तसं तिनं गाडगं उचललं.

पाण्यावर किडे तरंगत होते. बारीक, पांढरे, वळलेले. रोजच्यासारखेच.

तिनं एक बोटावर घेतला आणि नखानं दाबला. रिंगणीच्या बियातला गाभा होता तो, कोंब फुटायच्या आधीचा. उष्णतेनं बी फुटलं की टपकन पाण्यात पडायचा. तीस वर्षं ती हाताखालचं बी विसरून माणसांच्या तोंडात किडे शोधत होती. सासूही शोधत होती, आणि सासूची सासूही.

मग तिला सयाचं आठवलं, म्हणजे ते कधी विसरलंच नव्हतं. पोर उशिरामुळं गेलं नव्हतं. धुरी वेळेवर दिली असती तरी तेच झालं असतं, आणि दिलीच नसती तरी तेच. मनुबाई परातीपुढं बसून रडली. खूप रडली. पण त्या रडण्यात कुठंतरी सुटल्यासारखंही होतं, आणि ते तिला कुणाला सांगता आलं नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी दाढ भरली. काचेवर पांढरी भुकटी आणि तेल घोटून लेप केला. वास आला तशी मनुबाई म्हणाली, "लवंग हाय की ही."

"लवंगेचंच तेल. आणि ही भुकटी म्हणजे जस्ताचं भस्म."

"वाण्याच्या दुकानातलं?" तिला नवलच वाटलं.

"जवळजवळ. ह्याच्यापेक्षा पक्का मसाला घालता येईल, पण तो दुधाच्या दाताला चालत नाही. मूळ विरघळेल तसा आतला लेपही विरघळला पाहिजे, नाहीतर नव्या दाताच्या वाटेत तो धोंडा होईल. हा विरघळतो. दहा वर्षांची होईस्तोवर दाढ तिची. मग आपल्या आपण पडेल आणि तिच्या जागी नवा दात असेल."

मनुबाईनं ते शब्दन् शब्द मनात धरले. नस काढलेला, मेलेला दात जिवंत तोंडात पाच वर्षं राहणार, आपलं काम करणार, आणि वेळ झाली की आपले पाय आपण विरघळवून बाजूला होणार. माणसाला सुद्धा हे जमत नाही.

गावात आल्यावर तिनं धुरी बंद केली. लोक आले तर सांगायची, "किडा नसतोयच. बियातला गाभा हाय त्यो." परात मांडून दाखवायची सुद्धा. पण लोकांना ते पटेना. तीस वर्षं जी बाई किडे दाखवत होती तिच्यावर त्यांचा विश्वास होता. आता किडे नाहीत म्हणणाऱ्या बाईवर कशाला ठेवतील? रंगुबाईनं तर सगळ्या पाणवठ्यावर सांगितलं, "परक्याच्या दारात गेली, तितंच गुन ठिवून आली. आता म्हनं मेलेला दात नातीच्या तोंडात ठिवलाय. नासंल जबडा, बगा तुमी. सहा म्हयनं टिकली दाढ तर माजं नाव बदला."

झालं. मनुबाईची सगळी अब्रू त्या एका दाढेवर येऊन टांगली. दाढ मुदतीआधी पडली, नाहीतर पुन्हा सुजली, तर गावातली पोरं पुन्हा कुणाच्या तरी धुरीकडं जाणार होती. आणि एखादं सयासारखं जाणार होतं. रोज सकाळी ती अंजनाला उजेडाकडं तोंड करून बसवायची आणि अंगठ्यानं दाढ हलवून बघायची. पोरगी कावायची. "आज्जे, सोड की गं." दाढ हलायची नाही. सहा महिने गेले. रंगुबाईचं नाव कुणी बदललं नाही. लढाई संपली, वर्ष गेलं, हंबीरराव पेन्शन घेऊन घरी आला, राज्य बदललं. दाढ जागच्या जागी. त्या काळात सगळा गाव नाही, पण चार-सहा आया आपली पोरं घेऊन मनुबाईच्या मागं मिरजेला गेल्या. एकदा तर रंगुबाईच आली, नातवाला काखेत मारून, तोंड दुसरीकडं करून. मनुबाईनं तिला एका शब्दानं डिवचलं नाही. त्या पोराचं तोंडही तिनंच अंगठा घालून उघडून धरलं.

एकोणपन्नास सालच्या दिवाळीला अंजना सव्वादहाची होती. चकली खाताना थबकली आणि तळहातावर काहीतरी काढलं. "आज्जे, पडली." आणि कौलावर फेकायला उठली, कारण पडलेला दात कौलावर फेकायचा असतो.

"थांब." मनुबाईनं तिचं मनगट धरलं.

तिनं दाढ हातात घेतली आणि उलटी केली. तीन पाय नव्हते. काठाशी पातळ कड उरली होती आणि मधे पांढऱ्या लेपाचा चिमूटभर ठिपका. पाय गेले होते, आणि पायांतला लेपही गेला होता. मग तिनं नातीचं तोंड उघडलं आणि रिकाम्या जागेत बोट घातलं. बोटाला टणक टोक लागलं. तिथं, सरळ, मधोमध. तो हाडातला दात येऊन पोचला होता. तिसऱ्या दिवशी तिनं दाढ पदराच्या गाठीत बांधली आणि अंजनाला घेऊन मिरजेची गाडी धरली.

हरी डॉक्टरांनी दाढ हातात घेतली, भिंग लावलं आणि खिडकीपाशी गेले. खूप वेळ बघत राहिले. मग त्यांनी अंजनाच्या तोंडात आरसा घालून बघितलं, पुन्हा दाढ बघितली आणि चष्मा काढून पुसला.

"आजी, मी हे पहिल्यांदाच बघतोय."

"काय पयल्यांदा?"

"भरलेल्या दाढेचं मूळ असं विरघळलेलं. तुमच्या अंजनाच्या आधी मी दोन भरल्या, नंतर सोळा-सतरा. पोरं बरी झाली की कुणी परत येत नाही. पडलेला दात कौलावर जातो. मला दिसणार कसा?"

मनुबाई खुर्चीतून उठली. "म्हंजी तवा मला सांगितलासा, मूळ इरगळतंय, लेप इरगळतोय, ते बगितलं न्हवतं तुमी?"

"नाही. पुस्तकात होतं."

"आनि पुस्तकावर माज्या नातीच्या तोंडात..."

"विश्वास होता माझा," डॉक्टर हळू म्हणाले.

"माजाबी हुता," मनुबाई म्हणाली. "सासूवर."

डॉक्टरांनी मान खाली घातली. मनुबाईचा राग तिच्या कपाळाच्या शिरेत उडत होता. पण तो माणूस दाढ अजून तळहातावर धरून उभा होता, लहान पोरगं काजवा धरून उभं राहतं तसा, आणि त्याचे डोळे भरले होते. असं काही बघून काय होतं ते मनुबाईला ठाऊक होतं. तिचं ह्याच माडीवर, तो जबडा बघताना झालं होतं.

"पर तुमचं खरं निगालं," ती म्हणाली.

"हो. खरं निघालं." त्यांनी दाढ पुढं केली, मग पुन्हा मागं घेतली. "आजी, ही मी ठेवून घेऊ?"

मनुबाईनं अंजनाकडं बघितलं. अंजनानं हो म्हणून मान हलवली.

"ठिवा," ती म्हणाली. "पर आता फुडच्या आयला सांगताना वाचलंय म्हनू नगा. बगितलंय म्हना."